मागची भिंत

१

दर रविवारी जेवण आटोपलं की साहेब टेबलावर जुना टॉवेल अंथरत आणि आपली मोजायची यंत्रं पुसायला घेत. कारखान्याच्या मापन विभागात त्यांचं आयुष्य गेलं होतं. तिथला प्रत्येक काटा खरं बोलतो की खोटं, हे ठरवायचं काम त्यांचं. आणि काट्यांना जो नियम, तोच त्यांनी पुढं माणसांनाही लावला. नातेवाईक त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे मोजपट्टी. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना अपमान वाटत नसे. ज्यांना मोजता येत नाही त्यांनी निदान नावं तरी ठेवावीत, एवढी मुभा ते देत.

सगळ्यात जास्त कीव त्यांना साडूंची येई. साडूंचं गाद्यांचं दुकान होतं आणि ते जोरात चालायचं. पैसा हाताशी खेळू लागला तसा या गृहस्थाला गाणं ऐकायचा नाद लागला, आणि बघता बघता गाणं राहिलं बाजूला, यंत्रंच ऐकायचा नाद लागला. घरातली एक खोली त्यांनी दुकानातल्या फोमनं आतून मढवून घेतली होती: चारी भिंती, दार, छतसुद्धा. खाली पाऊल रुतेल असा गालिचा. त्या खोलीत टाळी वाजवली तर उशीवर चापट मारल्यासारखा आवाज यायचा. बोललेलं ओठांपाशीच मरून पडायचं.

"खोली कसली, उभी केलेली गादी आहे ती," साहेब बायकोला म्हणत. "आणि मालक आत लोळतोय."

त्या रविवारी साडूंचा फोन आला.

"साहेब, स्पीकरची एक तार आणलीय. दुकानदार म्हणाला, ठेवून बघा, पटली तर घ्या. तुम्ही एकदा येऊन सांगा ना, घेण्यासारखी आहे का."

"किती सांगतो?"

साडूंनी आकडा सांगितला. साहेबांनी फोन कानापासून लांब धरला, त्यातून वास यावा तसा.

"अहो, पण ती ऐकली की माणूस वेडा होतो म्हणे," साडू म्हणाले.

"आधी होतो," साहेब म्हणाले, "मग ऐकायला जातो." आणि त्यांनी यंत्रांची पेटी आवरली, बायकोलाही निघायला सांगितलं. मूर्खाला मूर्ख ठरवायची आयती संधी सोडण्याइतके ते उदार नव्हते.

२

दार धाकटीनं उघडलं. धाकटी म्हणजे साहेबांच्या बायकोची पाठची बहीण, साडूंची बायको. बालवर्गाला शिकवायची. शेवटच्या बाकावरच्या पेंगणाऱ्या पोराला खाडकन जागं करील असा तिचा आवाज होता आणि घरी आल्यावर तो खाली ठेवायचा असतो हे तिला कधी उमगलंच नव्हतं. साहेबांची चेष्टा करायची छाती सगळ्या गोतावळ्यात तिची एकटीची.

"आले गं बाई!" ती कडाडली. "कानांचे इन्स्पेक्टर आले! ताई, तू आत ये, इथं थांबलीस तर तुझेही कान तपासतील."

साहेब हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. तिला ते सूट देत. का, ते त्यांनी कधी मोजून पाहिलं नव्हतं.

मऊ खोलीत साडूंनी तीन तारा मांडून ठेवल्या होत्या. एक दिव्याची साधी वायर, साहेबांनीच आणायला सांगितलेली. दुसरी साडूंची रोजची, बोटाएवढी जाड. तिसरी नवी. तिला करड्या कापडाचं वेष्टण होतं, वर नाव नाही, खूण नाही. साहेबांनी ती तळहातावर तोलली. वजनाला भलतीच जड होती.

"ऐका," ते म्हणाले. "तार पुरेशी जाड हवी. उगाच लांब नको. टोकं घट्ट बसलेली हवीत. इथं तारेचं शास्त्र संपलं. यापुढं जे काही आहे ते दुकानदाराच्या मुलीच्या लग्नाचा खर्च."

"पण ऐकणाऱ्याला फरक कळतो हो," साडू पुटपुटले.

"डोळे उघडे असतात तोवर कळतो. आज डोळे बांधू."

३

साडूंची तर त्यांनी सालटीच काढली. डोळ्यांवर रुमाल बांधून साडू आरामखुर्चीत बसले, साहेब ॲम्प्लिफायरमागे वाकून तारा बदलत राहिले. एकट्या व्हायोलिनची रेकॉर्ड होती. दिव्याची वायर लावल्यावर साडूंनी मान डोलावली. "ही! हीच ती! काय रेशमी आवाज आहे!" महागडी करडी लावल्यावर म्हणाले, "ही जरा कोरडी." साहेबांनी त्यांचा रुमाल सोडला आणि दिव्याची वायर त्यांच्या नाकासमोर लोंबती धरली. बायको दारात उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. साडूंचा चेहरा उसवलेल्या गादीसारखा झाला.

"आता मी," धाकटी म्हणाली आणि खुर्चीत बसली.

पहिल्या दोन तारांना ती म्हणाली, "सारखंच आहे." साहेबांना बरं वाटलं. निदान एक तरी शहाणं आहे घरात. मग त्यांनी करडी तार लावली.

व्हायोलिन सुरू झालं. धाकटीनं मान किंचित मागं वळवली.

"भाऊजी, ही वेगळी आहे."

"काय वेगळं? रेशीम की मखमल?"

"आवाज तोच आहे. पण मागची भिंत गेली."

"कुठं गेली?"

"माहीत नाही. पाठ उघडी पडल्यासारखं वाटतंय. मोठ्या दारात पाठमोरं बसावं तसं."

साहेबांनी न सांगता तारा बदलल्या, पुन्हा बदलल्या, एकदा नुसतंच बदलल्याचं सोंग केलं. ती एकदाही चुकली नाही. करडी लागली की म्हणे, "गेली भिंत," आणि निघाली की, "आली." आधी साहेबांना वाटलं, रुमालाखालून बघतेय. त्यांनी दुसरा रुमाल बांधला. मग वाटलं, साडू खुणा करताहेत. साडूंना त्यांनी तोंड फिरवून बसवलं.

शेवटी त्यांनी यंत्र काढलं. खोलीत माइक उभा केला आणि स्पीकरमधून नुसता एक टक्क असा आवाज सोडला. असा आवाज भिंतींवर आपटून परत येतो, आणि तो किती वेळानं परत आला यावरून भिंत किती लांब आहे ते यंत्राच्या पडद्यावर दिसतं. या खोलीत काही परतच यायला नको होतं. फोम सगळं गिळायचा. पहिल्या दोन तारांना तसंच झालं. एक उभी रेघ, पुढं सपाट.

करड्या तारेला रेघ आली. पुढं सपाट. आणि मग, साहेब माइक उचलायला वाकले तेव्हा, पडद्याच्या पार उजव्या टोकाला एक बुटका, गोलसर उंचवटा आला. एखाद्या गोदामाच्या पलीकडच्या भिंतीवरून यावा तितक्या उशिरा.

त्यांनी माइक बदलला, त्याची वायर बदलली. उंचवटा जागचा हलला नाही.

"काय आलं?" साडूंनी विचारलं.

"काय येणार? तिन्ही सारख्या." साहेबांनी पडदा खाडकन मिटला. आयुष्यात यंत्र एक बोललं आणि ते दुसरं बोलले असं प्रथमच झालं होतं. दोष माइकचाच असणार, त्यांनी ठरवलं.

४

"मग पडदा का मिटलात भाऊजी?" धाकटी रुमालाआडून हसत म्हणाली.

हे मात्र त्यांना झोंबलं. साडूंसमोर, बायकोसमोर. त्यांनी करडी तार पुन्हा लावली आणि व्हायोलिन मुद्दाम मोठं केलं.

"भिंत नाही ना? मग ऊठ. मागं फीर आणि सरळ चालत जा. नाक आपटलं की सांग. तुझ्या नाकाएवढं भरवशाचं यंत्र माझ्याकडं नाही."

धाकटी खदखदून हसली. "आपटलं तर फोमच आहे!" म्हणत ती उठली. बायको चहाचं बघायला आत गेली. साडू खुर्चीत जाऊन डोळे मिटून बसले. हरलेला माणूस गाण्यात तोंड लपवतो. साहेब ॲम्प्लिफायरकडं तोंड करून, खोलीकडं पाठ करून बसले. भिंतीला थडकणाऱ्या मेहुणीकडं बघत बसण्यात त्यांना रस नव्हता, निदान तसं दाखवायचं होतं.

गालिच्यावरची पावलं ऐकू येत नव्हती, येणारच नव्हती. मग ती येऊ लागली.

अनवाणी पावलं, उघड्या फरशीवर. पट पट पट. त्या खोलीत उघडी फरशी कुठंच नव्हती. साहेबांचा हात आवाजाच्या बटणावर होता, तो तिथंच राहिला. पावलं चालतच होती. एवढ्या चालीत ती भिंत ओलांडून, शेजारच्यांचं स्वयंपाकघर ओलांडून रस्त्यावर पोचायला हवी होती. आणि प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा लहान ऐकू येत होतं.

"पुरे!" साहेब मागं न वळता म्हणाले.

"आले, आले!" धाकटीचा आवाज आला. तोच कडक आवाज, पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून यावा तसा बारीक झालेला. "भाऊजी, इथं केवढं मोठ्ठं आहे हो! आणि इथं आणखी कोणी तरी..."

साहेबांनी तार उपटली.

त्यांनी ते ठरवून केलं नाही. हात गेला आणि तार बाहेर आली. व्हायोलिन मध्येच तुटलं. ते वळले. धाकटी मागच्या भिंतीला नाक टेकवून उभी होती, दोन्ही हात अंगाशी सरळ सोडलेले, डोळ्यांवर रुमाल तसाच.

"काय झालं? बंद का केलंत?" साडूंनी डोळे उघडले.

साहेबांना भीती वाटत नसे, त्यांना फक्त राग येत असे. तेव्हा तो आला. त्यांनी पेटीतली पक्कड काढली आणि करडी तार मधोमध तोडली.

"हे बघा!" टोक साडूंपुढं नाचवत ते ओरडले. "बघा नीट! तांबं! नुसतं तांबं! यासाठी मरता तुम्ही लोक!"

साडू तुटक्या तारेकडं बघत राहिले. भिंतीपाशी धाकटीनं सावकाश रुमाल सोडला.

५

चहाच्या वेळी ती गप्प होती. बायकोनं विचारलं, "काय गं, नाकाला लागलं का?"

धाकटीचे ओठ हलले. बायको म्हणाली, "अं?" तेवढ्यात, ओठ मिटल्यावर, आवाज आला. "नाही गं ताई."

"जरा मोठ्यानं बोल की. आज तुझी बॅटरी उतरलेली दिसते," बायको म्हणाली आणि सगळे हसले. हे वाक्य त्या घरात धाकटीला प्रथमच कोणी बोललं असेल.

तिच्या कपाळावरच्या शिरा मात्र साहेबांनी पाहिल्या. ती कुजबुजत नव्हती. जीव तोडून ओरडत होती.

पुढं सगळं हळूहळू झालं. शाळेत पहिल्या बाकावरच्या मुलांनाही बाई ऐकू येईनात. घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं, घसा ठणठणीत आहे. साडू दुकानात बसून रडले. बायको रोज फोन कानाला चिकटवून बसायची आणि म्हणायची, "ऐकू येत नाही गं, कुठं उभी आहेस तू? रस्त्यावर आहेस का?"

तार आणली त्या दुकानातही साहेब जाऊन आले. दुकानदारानं खांदे उडवले. कोणी विक्रेता नमुना ठेवून गेला होता, पुन्हा फिरकला नाही. "तोडलीत? असू द्या," तो म्हणाला, "तशीही कोणी घेत नव्हतं."

मग एका दुपारी कोणाला न सांगता, साडू दुकानात असताना, साहेब त्यांच्या घरी गेले. करड्या तारेचे दोन्ही तुकडे त्यांनी डाग देऊन जोडले. सांधा सुरेख बसला. यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तार लावली, व्हायोलिन लावलं, माइक उभा केला.

एक उभी रेघ, पुढं सपाट. शेवटपर्यंत सपाट. त्यांनी पुन्हा पुन्हा टक्क आवाज सोडला. काही परत आलं नाही. तार आता अगदी तशीच झाली होती, जशी ती असते असं ते जन्मभर लोकांना सांगत आले होते.

६

धाकटी दारात येऊन उभी राहिली होती. साहेबांनी तिला खुणेनं खुर्चीत बसवलं, माइक तिच्या तोंडाशी आणला आणि हेडफोन स्वतःच्या कानांना लावून आवाज पार वर नेला.

"बोल," ते म्हणाले.

तिचे ओठ हलले. थांबले. कानात नुसती मोठी, रिकामी, गार अशी जागा होती. मग खूप आतून आवाज आला.

"भाऊजी! येतंय का ऐकू?"

"येतंय."

"देवा! किती दिवस हाका मारतेय मी! इथं काळोख आहे हो. मी गाण्याच्या रोखानं परत येत होते, तर गाणंच थांबलं. आता कुठं वळायचं तेच कळत नाही."

"तू कुठंही गेलेली नाहीस," साहेब म्हणाले. "माझ्यासमोर बसली आहेस. तुला मी बघतोय."

ओठ हलले. वाट बघावी लागली.

"मग ती कोण, ते बघा," आवाज म्हणाला.

साहेबांनी समोर पाहिलं. धाकटीचे डोळे त्यांच्यावर होते, फारच शांत होते.

"भाऊजी, गाणं लावा ना परत. मोठ्यानं लावा. मी धावत येईन. पण लवकर लावा, कारण इथं आणखी कोणी तरी चालतंय. आधी माझ्या मागं होतं. आता माझ्या पुढं गेलंय."

सांधलेली तार साहेबांच्या पायाशी पडली होती. "लावतो," ते म्हणाले. "थांब तिथंच. लावतो."

मग हेडफोनमध्ये त्यांना ते ऐकू आलं. उघड्या फरशीवरची पावलं. धाकटीची नव्हेत, ती अनवाणी पट पट चालायची. ही सावकाश, टाच घासत येणारी होती, आणि तिच्या आवाजापेक्षा कितीतरी जवळ होती. समोर धाकटीचा हात मांडीवर होता. त्याची बोटं एकेका पावलाला हलकेच उचलली जात होती.

साहेबांनी हेडफोन काढले. खोली लगेच मऊ, मुकी झाली.

संध्याकाळी दुकानातून परतल्यावर साहेबांना तिथं बघून साडूंनी विचारलं, "काही कळलं का साहेब? तुम्हाला नाही कळणार तर कोणाला?"

"मनाचं आहे," साहेब म्हणाले. "असल्या खोल्या, असली खुळं, दुसरं काय होणार? विश्रांती द्या. आणि लाड करू नका." बोलताना त्यांचा सूर नेहमीसारखाच तुच्छ लागला, आणि तो लागला याचं त्यांना समाधान वाटलं.

७

थोड्याच दिवसांत साडूंचा आनंदानं फुटलेला फोन आला. "आवाज सुटला हो! सकाळी उठली आणि बोलायलाच लागली! तुम्ही म्हणालात तेच खरं, मनाचंच होतं सगळं!"

दुपारी ते तिला घेऊन तिच्या बहिणीकडं आले. बायकोनं तिला मिठी मारली, दृष्ट काढावी तसे तिच्या गालांवरून हात फिरवले आणि डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. साडू गाडी लावायची राहिली म्हणून खाली गेले. बैठकीत ती आणि साहेब उरले.

"बसा ना साहेब," ती म्हणाली.

भाऊजी नाही. साहेब. आवाज धाकटीचाच होता, पण त्यात कडकपणा नव्हता, गडगडाट नव्हता. तो फार जवळचा होता. ती खोलीच्या पलीकडच्या टोकाला बसली होती आणि आवाज त्यांच्या कानाच्या पाळीशी होता.

"बरं वाटतंय का आता?" साहेबांनी विचारलं. असं त्यांनी कोणाला फारसं विचारलं नव्हतं.

"खूप बरं वाटतंय," ती म्हणाली. "इथं सगळं कसं हाताशी आहे."

बायको चहा देऊन, बिस्किटं आणायला पुन्हा आत गेली. समोर बसलेलीनं कप उचलला. फुंकर घातली नाही. प्यायला ओठ उघडले, आणि कप टेकण्याआधीच्या त्या जरा उघड्या तोंडातून, जीभ जागची न हलता, मुंगीएवढी बारीक, खोल, फाटलेली हाक आली.

"ताई!"

"ओ!" स्वयंपाकघरातून बायकोनं उत्तर दिलं आणि डबा हातात घेऊनच ती दारात आली. "काय गं? हाक मारलीस?"

समोरच्या बाईच्या तोंडात चहाचा घोट होता. तिनं ओठ मिटून मान हलवली, नाही.

"असं कसं? मी ऐकली ना," बायको म्हणाली. "लहानपणी विहिरीपाशी घसरली होतीस, तेव्हा मारली होतीस तशी. अहो, तुम्ही इथंच आहात. तुम्ही ऐकलीत ना?"

समोरची बाई घोट न गिळता साहेबांकडं बघत होती. घाई नसल्यासारखी, पण कान देऊन.

साहेबांनी कप खाली ठेवला. बशीत तो वाजला.

"नाही," ते म्हणाले. "काहीच नाही. तुम्हा बायकांना ना, काहीही ऐकू येतं."

डबा तसाच घेऊन बायको आत गेली.

तेव्हा त्या बाईनं घोट गिळला.